उडत्या मगरीची चौकशी

सत्य हा ज्ञानाचा पाया असून अद्भुत कादंबरी ही त्या पायाला लागलेली वाळवी होय.

हे वाक्य संगमरवरावर कोरून खामगावच्या सत्यबोध वाचनालयाच्या दारावर बसवावं असा ठराव एकमताने झाला होता. पण संगमरवर जबलपूरहून मागवावा लागतो असं कळल्यावर ते पत्र्यावर रंगवायचं ठरलं. पत्रा तोकडा पडला म्हणून रंगाऱ्याने ‘वाळवी होय’ एवढे शब्द खालच्या ओळीत घेतले, आणि त्या ओळीवर पुढे घोसाळ्याचा वेल चढला. त्यामुळे ज्या काळची ही हकीकत आहे, म्हणजे वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताच्या जोडीने नागपुराहून चालत असे त्या काळात, दारावर एवढंच वाचता येई : ‘सत्य हा ज्ञानाचा पाया असून अद्भुत कादंबरी ही त्या पायाला लागलेली’. पुढचं ज्याने त्याने आपल्या मगदुराप्रमाणे समजून घ्यावं.

या वाक्याचे जनक भगवंतराव चिंचोळकर. निवृत्त नायब तहसीलदार, वाचनालयाचे अध्यक्ष, आणि न घडलेली एकही गोष्ट आयुष्यात न वाचलेले गृहस्थ. लहानपणी आजीने ‘एक होता राजा’ म्हणताच त्यांनी ‘कोणत्या परगण्याचा?’ असं विचारलं आणि त्या दिवसापासून आजीने गोष्टी सांगणं बंद केलं, असं सांगतात. (सांगतात ते भगवंतरावच.) पुढे सगळी नोकरी शेतजमिनीच्या वारसांचे तंटे मिटवण्यात गेली. बाप मेला, मुलगे भांडतात, साक्षीदार फितूर होतो, अशा मिसली, म्हणजे एकेका तंट्याच्या कागदांचे गठ्ठे, त्यांनी बैलगाड्या भरतील इतक्या वाचल्या होत्या. त्यातून त्यांचं एक तत्त्व घडलं होतं : पूर्ण मिसल वाचल्याशिवाय शेरा मारू नये. हे तत्त्व पुढे त्यांना फार महागात पडणार होतं. पण तत्त्वांचा उपयोगच तो.

वाचनालयात पर्जन्यमानाचे अहवाल होते, थोर पुरुषांची चरित्रं होती (थोरपण संशयातीत असलेल्यांचीच), आणि मुळव्याधीवर एक स्वतंत्र ग्रंथ होता. पाककृतींचं एक पुस्तक होतं, ते ‘चवीपुरते मीठ’ हे विधान मोघम असल्याच्या कारणावरून काढून टाकण्यात आलं होतं. वाचक फारसे येत नसत. वाचनालय शांत असावं असा नियमच होता आणि तो इतक्या कसोशीने पाळणारं दुसरं वाचनालय सबंध वऱ्हाडात नसेल.

अशा निरोगी संस्थेत रोग शिरला तो गुरांच्या मार्गाने.

मुंबईच्या एका पुस्तकविक्याकडे ‘गुरांचे रोग व त्यांवरील उपचार’ या ग्रंथाच्या प्रती पडून होत्या. त्याच्याकडे ‘काजळद्वीप’ नावाची बारा भागांची अद्भुत कादंबरीही पडून होती. त्याने आजारी आणि काल्पनिक यांचं लग्न लावून दिलं : गुरांच्या रोगांच्या दर प्रतीबरोबर काजळद्वीपाचा एक भाग मोफत. वाचनालयाने मागवलं होतं ते गुरांचं पुस्तक. ग्रंथपाल मोतीरामने टपालाचं पुडकं सोडलं तर आतून दोन निघाली, आणि दुसऱ्याच्या पुठ्ठ्यावर काळ्याभोर बेटावरून उडणारी मगर होती. मगरीला पंख होते. नाकात नथ होती.

मोतीरामने पुस्तक चिमटीत धरून अध्यक्षांपुढे नेलं.

“हे काय आहे?” भगवंतराव म्हणाले.

“मगर हाये जी.”

“ते दिसून राह्यलं मले. इथं कायले आली?”

आता विचार करा. मोफत वस्तू परत पाठवायची तर टपाल हशील पडतं, आणि आपण न मागवलेल्या वस्तूवर हशील भरण्याची तरतूद वाचनालयाच्या घटनेत नव्हती. ठेवून घ्यावी तर दारावरच्या पत्र्याची बेअदबी. फेकावी तर ती संस्थेची मालमत्ता. फाडावी तर ठराव पाहिजे. ठराव करायचा तर पुस्तकात निषेधार्ह काय आहे ते लिहिलं पाहिजे. आणि ते लिहायचं तर पुस्तक वाचलं पाहिजे. यात कुठे फट असेल तर दाखवावी. भगवंतरावांना दिसली नाही.

तेव्हा निषेधपूर्व चौकशी समिती नेमण्यात आली. अध्यक्ष स्वतः भगवंतराव. दुसरे सभासद उकंडराव टिकार वकील, ज्यांनी खोट्याशी संबंध फक्त कोर्टात आणि फक्त फी घेऊन ठेवला होता. तिसरे फकीर मोहम्मद सेठ, कापसाचे अडते. चिमटीत धरून जिचा धागा ओढता येत नाही अशा कुठल्याही गोष्टीवर त्यांचा भरवसा नव्हता. तिघांपैकी कोणी पूर्वी अद्भुत वाचलेलं नव्हतं. म्हणजे समिती निःपक्षपाती होती. (दारू न प्यायलेल्या माणसावर दारूबंदीचं काम सोपवावं, तसंच हे.)

भगवंतराव तांबडी पेन्सिल घेऊन बसले. पहिल्या पानावर त्यांनी शेरा मारला : ‘बेटाचा सर्व्हे नंबर दिलेला नाही.’ तिसऱ्या पानावर : ‘बेट तरंगते. म्हणजे चतुःसीमा रोज बदलतात. सारा कसा आकारावा?’ सातव्या पानावर काजळद्वीपाचा राजा धूम्रकेतन मरण पावला, आणि त्याचा पुतण्या कपटसेन सरळ जाऊन गादीवर बसला. इथे भगवंतरावांची पेन्सिल मोडली.

“वारसाची नोंद नाही, नोटीस नाही, हरकती मागवल्या नाहीत,” ते एकटेच मोठ्याने म्हणाले, “अन् बसला खुशाल!”

अद्भुत कादंबरी वाचायची एक रीत असते. हे सगळं खोटं आहे असं मनाशी धरायचं आणि मजा घ्यायची. भगवंतरावांना ही रीत कुणी शिकवलीच नव्हती. त्यांना वाचता येत होती फक्त मिसल. आणि मिसल एकदा उघडली की निकाल लागेपर्यंत तिच्यातलं प्रत्येक माणूस खरं असतं, मग त्याला शेपूट का असेना.

शेपूट होतं दीर्घपुच्छेला. पुठ्ठ्यावरची मगर ती हीच. राजाने मरतेवेळी राज्य मुलीला, ताम्राक्षीला, दिलं तेव्हा जवळ दुसरं कोणी नव्हतं. ही एकटी पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. एकमेव साक्षीदार! कपटसेनाने तिला शाप दिला की खरं बोलशील तर तुझे पंख जळतील. तरी ती दरबारात आली. तिला साक्षीला उभं केलं. तिने जबडा उघडला...

भगवंतरावांनी पान उलटलं. पुढे माक्याच्या तेलाची जाहिरात होती. भाग पहिला समाप्त.

इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही साक्षीदाराने भगवंतरावांना असं अर्ध्यावर सोडलं नव्हतं. त्यांनी जाहिरातही वाचून काढली, न जाणो त्यात काही असेल.

समितीची बैठक झाली.

“उकंडराव, तुमचं मत?”

“निषेध. साफ निषेध,” उकंडराव म्हणाले. “पण एक आहे. त्या कपटसेनानं शाप देला, त्याले मुदत लावली नाई. बेमुदत शाप कायद्यात बसतच नाई, भगवंतराव! अपील होते.”

“कुठं होते?”

“ते दुसऱ्या भागात असन ना.”

फकीर मोहम्मद सेठ मघापासून दाढी कुरवाळत होते. “मी काय म्हणतो, ते लोक ढगातून कापूस वेचतात. ठीक है. वेचा बाप्पा. पण सरकी? ढगाले सरकी किती निघते, ते लिहेलच नाई. बगैर सरकी का माल असा जर का खामगावच्या बाजारात...” सेठ खिडकीतून आभाळाकडे पाहत राहिले. मग दचकून म्हणाले, “निषेध. लिहा, लिहा.”

अहवाल पुढीलप्रमाणे झाला : ‘भाग पहिला सकृद्दर्शनी निषेधार्ह. तथापि निषेधाचे स्वरूप निश्चित करण्यास भाग दुसरा पाहणे अगत्याचे. सबब गुरांचे रोग या उपयुक्त ग्रंथाची आणखी एक प्रत मागवावी.’

दुसऱ्या भागावरचा अहवालही असाच झाला. तिसऱ्यावरचाही. फरक इतकाच की ‘सकृद्दर्शनी’ हा शब्द चौथ्या भागाला गळला आणि ‘अगत्याचे’च्या जागी सहाव्याला ‘अत्यंत तातडीचे’ आलं.

सहा महिने सरले तेव्हा वाचनालयाच्या सांपत्तिक आणि बौद्धिक स्थितीचं चित्र असं होतं. चरित्रांच्या फळीवरचे तीन थोर पुरुष गुरांना जागा करून देण्यासाठी माळ्यावर गेले होते. दर महिन्याला नव्या पुडक्याच्या दिवशी दारात रांग लागे, आणि रांगेतल्या निम्म्या लोकांच्या घरी साधी शेळीही नव्हती. प्रत्येकाला चौकशीत भाग घ्यायचा होता. म्हणून उपसमित्या नेमल्या, उपसमित्यांना सल्लागार नेमले, सल्लागारांना मदतनीस. गावात चौकशीबाहेर राहिलेला प्रतिष्ठित माणूस एकच होता, त्याला डोळ्यांनी दिसत नसे. त्याला श्रवण-सभासद करून घेतलं. सुलतानपूरचे एक पाटील बैलगाडीने येऊन ‘निषेध कुठपर्यंत आला?’ असं विचारून जात, आणि मुक्काम करीत.

एक अडचण मात्र उरली होती. चौकशी कितीही पवित्र असली तरी नथ घातलेली मगर हातात घेऊन प्रतिष्ठित मनुष्याने ओट्यावर बसणं बरं दिसत नाही. यावर भगवंतरावांनी तोडगा काढला. मोतीरामने सगळ्या भागांचे पुठ्ठे उसवले आणि अदलाबदल केली. काजळद्वीप गुरांच्या रोगांच्या पुठ्ठ्यात शिरलं आणि उघड्या फळीवर मानाने उभं राहिलं. गुरांचे रोग मगरीच्या पुठ्ठ्यात बांधून ‘निषेधार्ह’ अशी चिठ्ठी लावून कपाटात कुलूपबंद झाले. (पुढे दोन शाळकरी पोरांनी ते कुलूप खिळ्याने उघडलं, मगर पळवून नेली आणि पोटफुगीवरची चाळीस पानं वाचली. ती पोरं अद्भुताच्या वाटेला जन्मात पुन्हा गेली नाहीत. समितीचं मूळ उद्दिष्ट साध्य झालेलं एवढंच उदाहरण उपलब्ध आहे.)

भगवंतराव दुपारी जेवून, कवाड लोटून, गुरांचे रोग वाचत. सातव्या भागात दीर्घपुच्छेचे पंख जळायला लागले त्या दुपारी मनकर्णाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आत आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

“काऊन रडून राह्यले?”

“कोण? मी?” भगवंतरावांनी उपरण्याने चष्मा पुसला, मग चष्म्याखालचं पुसलं. “खुरकूत. लय वाईट रोग आहे. जनावर बिचारं उभंच राहू शकत नाई.”

“हाव का.” मनकर्णाबाईंनी तांब्या खाली ठेवला. “अन् पंख जळाल्यावर जनावर उडू शकते का, ते लिहेल हाये का त्यात?”

भगवंतराव पुस्तकावर हात ठेवून बसले. तो हात तिथे असल्याने काही झाकलं जात होतं असं नाही.

“तुले कसं ठाऊक?”

“तुमी जेवून वाचता, मंग झोपता. झोपल्यावर पुस्तक कोनाचं? मी अन् शेजारच्या शालूबाईनं सातवा परवाच संपोला. तुमच्या उपसमितीच्या आधी. तुमाले पंखालेच येवढं रडू, तर शेवटाले कसं होईन जी?”

“सांगू नको!” भगवंतरावांनी दोन्ही कानांवर हात घेतले. “चौकशीच्या निःपक्षपातीपणाले बाधा येते!”

“नाई सांगत. पण एकदा तोंडानं म्हना तरी, का मले हे आवडते म्हणून.”

“चौकशी अधिकाऱ्याले काही आवडत नसते.”

“बरं,” मनकर्णाबाई म्हणाल्या, “पानी प्या. खुरकतीनं घसा कोरडा पडते म्हनतात.”

मग अकरावा भाग आला.

अकराव्या भागात दीर्घपुच्छेला धूम्रकेतनाची राजमुद्रा सापडते. शापाने अर्धे जळालेले पंख घेऊन, मुद्रा जबड्यात धरून, ती दरबाराकडे झेपावते. दरबारात ताम्राक्षी उभी आहे, सूर्य मावळला की निकाल कपटसेनाच्या बाजूने लागणार आहे. कपटसेन धनुष्य उचलतो. बाण सुटतो. मगर आभाळात एकदा उलटी होते. जबडा उघडतो. मुद्रा निसटते. आणि खाली...

खाली माक्याचं तेल.

खामगावावर त्या आठवड्यात काय आलं होतं याची सरकारदरबारी नोंद नाही. कापसाच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवताना फकीर मोहम्मद सेठ समोरच्या अडत्याची बोटं तशीच धरून बसले, आणि थोड्या वेळाने त्या अडत्यानेही सेठचा हात प्रेमाने दाबला. तोही उपसमितीत होता. उकंडरावांनी एका बांधाच्या दाव्यात ‘माझ्या अशिलाला पंख असते तर’ अशी सुरुवात केली. भगवंतराव तर जेवताना मध्येच थांबत. आभाळातून पडून राह्यली, ते म्हणत. पडूनच राह्यली. मनकर्णाबाई मुकाट्याने दुसरी भाकर वाढत. याबाबतीत घरात एकमत होतं.

मागणीपत्र तारेने गेलं. पुस्तकविक्याचं उत्तर आलं ते असं : गुरांचे रोग या ग्रंथाच्या सर्व प्रती, खामगावच्या असाधारण पशुप्रेमामुळे, संपल्या आहेत. शेवटची प्रत अमरावतीकडच्या गुरांच्या एका बड्या डॉक्टरांनी नेली आणि बारावा भाग नियमाप्रमाणे तिच्याबरोबर गेला. बाराव्याच्या बाकीच्या प्रतींचा गोदामात पाणी शिरून लगदा झाला आहे. लोभ असावा.

भगवंतरावांनी पत्र चार वेळा वाचलं. आता प्रश्न नुसता मगरीचा नव्हता. (होता, पण नुसता नव्हता.) मार्चअखेर वार्षिक सभा होती आणि अध्यक्षांनी त्या सभेत अंतिम निषेध करण्याचं जाहीर केलं होतं. पूर्ण मिसल वाचल्याशिवाय शेरा नाही, हे तत्त्व; आणि मिसलीचा शेवटचा कागद अमरावतीकडे. निषेध करावा तर तत्त्व जातं. बारावा भाग उघड मागावा तर अब्रू जाते. दोन्ही ठेवावीत तर मगर तशीच आभाळात उलटी लटकते.

आणि अशा वेळी ते बडे डॉक्टरच खामगावला येत असल्याचं कळलं.

डॉक्टर पुंजाजी वानखडे हे अगदी वेगळ्या कारणाने येत होते. सबंध मध्यप्रांत-वऱ्हाडात गुरांच्या रोगांवरचा तो ग्रंथ कुणी घेतला याचा त्यांनी तपास केला होता, तेव्हा नागपूर एक, जबलपूर शून्य, खामगाव अकरा असा हिशेब निघाला. पशुवैद्यकाची अशी तहान त्यांनी नोकरीत पाहिली नव्हती. वार्षिक सभेला येऊन वाचनालयाचा सत्कार करतो असं त्यांनी आपण होऊन कळवलं.

सभेला पाय ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर उंच, कडक इस्त्रीचे, आणि बैलाकडे पाहतात तसे माणसाच्या तोंडाकडे पाहणारे गृहस्थ होते. त्यांनी खामगावकरांची मुक्या जनावरांवरची माया वाखाणली. सभेतल्या पुष्कळांचे डोळे पाणावले. त्यांच्या डोळ्यांपुढे एकच मुकं जनावर होतं, तेही मुकं नव्हतं.

“आता मी स्वतः एक प्रत घेतली,” डॉक्टर म्हणाले. “तर तिच्याबरोबर फुकट काय पाठवावं? कसलंसं मगरीचं चोपडं! मी असलं वाचत नाही. पण वस्तू वाया घालवू नये. माझ्या कचेरीतल्या टेबलाचा एक पाय आखूड आहे. त्याच्याखाली ते असं फिट्ट बसलं म्हणता!”

सभागृहातून एक आवाज उठला. डॉक्टरांना ती दाद वाटली.

“उदाहरणार्थ,” असं म्हणून त्यांनी मागच्या फळीवरून गुरांच्या रोगांची पहिलीच प्रत काढली, “लाळ्या-खुरकुतीवर यात काय म्हटलंय पाहा.” आणि त्यांनी ती उघडली.

 मोतीराम दाराबाहेर जाऊन घोसाळ्याच्या वेलामागे उभा राहिला.

डॉक्टरांनी एक ओळ वाचली. कपाळाला आठी घातली. दुसरी वाचली. पान उलटलं. सभा बसून होती. डॉक्टरांनी आणखी एक पान उलटलं. मागे न पाहता हाताने खुर्ची चाचपली आणि ते तिच्यावर बसले. सहाव्या पानाला त्यांनी चष्मा वर केला. सातव्या पानावर राजा धूम्रकेतन मरतो हे सभेतल्या प्रत्येकाला पाठ होतं. सगळी सभा पुढे झुकली. डॉक्टरांच्या घशातून बारीकसा आवाज निघाला. पहिल्या रांगेतून कुणीतरी कळवळून म्हणालं, “आमाले बी तसंच झालं होतं, साहेब.”

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं, पण बोट आतच ठेवलं.

“फार सखोल ग्रंथ आहे,” ते म्हणाले. “मी याआधी एवढा बारकाईने पाहिला नव्हता. हा खंड मी प्रवासात पाहीन म्हणतो.” एवढं बोलून त्यांनी बसल्या जागी पुस्तक पुन्हा उघडलं.

यानंतर भगवंतरावांचं निषेधाचं भाषण झालं. ते त्यांच्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण होतं. सत्य, ज्ञान, पाया आणि वाळवी हे चारी शब्द त्यात यथास्थळी आले. असत्याच्या मोहाने रोम बुडालं असंही ते म्हणाले. टाळ्या पडल्या. डॉक्टरांनीही वाजवल्या, एका हाताने, मांडीवर. मात्र ठराव मांडायची वेळ आली तेव्हा अध्यक्ष म्हणाले की काही कागदपत्र उपलब्ध नसल्याने निषेध तहकूब करण्यात येत आहे. कोणते कागदपत्र, हे कुणी विचारलं नाही.

जलंबला जाणारी गाडी सुटायला अवकाश होता. डॉक्टरसाहेबांना निरोप द्यायला स्टेशनावर आपण एकटेच जावं असं भगवंतरावांच्या मनात होतं. ते फलाटावर पोचले तेव्हा उकंडराव वकील आधीच तिथे होते. काखेत उपरण्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

“हे काय, उकंडराव?”

“काई नाई. शिधा. साहेबासाठी. अन् तुमच्या हातात?”

“शिधाच.”

पाठोपाठ फकीर मोहम्मद सेठ आले. त्यांच्या रुमालात जे काही होतं त्याला स्वच्छ चार कोपरे दिसत होते, आणि एका कोपऱ्यातून लाल भुकटी गळत होती.

तिघेही डॉक्टरांच्या डब्यापुढे उभे राहिले. डॉक्टर खिडकीपाशी बसून गुरांचे रोग वाचत होते. तिघांपैकी कुणी बोलेना. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहत होता, कारण जो बोलला असता तो उरलेल्या दोघांच्या तोंडी जन्मभर राहिला असता. गार्डने हिरवं निशाण बगलेतून काढलं.

तेवढ्यात मागून टांगा थांबल्याचा आवाज आला. मनकर्णाबाई उतरल्या, पदर सावरत नवऱ्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात वीट होती. गुंडाळलेली नव्हती.

“म्हना,” त्या म्हणाल्या.

“अगं, चारचौघांत...”

“ते तिकडं उलटी लटकून राह्यली, अन् तुमाले चारचौघं दिसून राह्यले? म्हना लवकर. गाडी चालली.”

इंजिनाने शिटी दिली. भगवंतरावांनी एकदा फलाटाकडे पाहिलं. अर्धं गाव आलं होतं. मग त्यांनी उपरणं सोडलं आणि त्यातली वीट दोन्ही हातांनी खिडकीसमोर धरली.

“साहेब,” ते म्हणाले, आणि त्यांची कचेरीची भाषा त्या क्षणी कुठल्या कुठे गेली. “टेबलाखाली ही वीट ठेवा. अन् ते पुस्तक मले द्या. मले ते आवडते, साहेब. लय आवडते. त्या मगरीच्यानं मले घास गिळवत नाई.”

फलाटावर कुणीही हसलं नाही. फकीर मोहम्मद सेठनी आपला रुमाल सोडला. उकंडरावांनी शिधा सोडला. सगळ्या विटा एकामागून एक खिडकीतून आत गेल्या.

“माझ्या टेबलाचा पाय एकच आखूड आहे,” डॉक्टर भांबावून म्हणाले. “एवढ्या विटा?”

“एखादी फुटली तर, जी,” मनकर्णाबाई म्हणाल्या.

गाडी हलली. डॉक्टर खिडकीतून बाहेर डोकावले. “मी पाठवतो!” ते ओरडले. “पण आधी दुसरा भाग तुम्ही पाठवा! तो शाप... त्याला मुदत नाही का हो?”

“अपील होते, साहेब!” उकंडराव डब्याबरोबर धावत ओरडले. “चौथ्या भागात!”

बारावा भाग आला. ‘गुरांसंबंधी, तातडीचे’ असा शेरा असलेल्या पाकिटात आला, आणि त्याच्या पुठ्ठ्यावर टेबलाच्या पायाचा गोल वळ होता. भगवंतरावांच्या ओट्यावर दुपारी सगळी समिती, उपसमित्या, सल्लागार, मदतनीस आणि श्रवण-सभासद जमले, आणि तो मनकर्णाबाईंनी वाचून दाखवला, कारण वाचताना आवाज न कापणारं त्या जमावात दुसरं कुणी नव्हतं. अध्यक्षस्थानी भगवंतराव होते. त्यांच्या हातात पेन्सिल नव्हती. निषेध अद्याप तहकूब आहे. दारावरच्या घोसाळ्याच्या वेलाला वाचनालयातर्फे रोज पाणी घातलं जातं.

आता मगर जगली की नाही, मुद्रा कुणाच्या हाती पडली, निकाल कुणाकडे लागला, हे सांगायचं राहिलं असं कुणी म्हणेल. राहिलं नाही. आपण गंभीर प्रकृतीचे वाचक आहात. असल्या गोष्टी आपण वाचत नाही. इथवर आलात ते केवळ खामगावच्या सार्वजनिक जीवनाची माहिती व्हावी म्हणून. जळक्या पंखांनी साक्ष द्यायला निघालेल्या, नथ घातलेल्या एका मगरीचं पुढे काय झालं याच्याशी आपल्याला काडीचं कर्तव्य नसणार, याबद्दल शंका नाही.

तरीही कुणाला चौकशीपुरतं पाहायचंच असेल, तर बारावा भाग वाचनालयातच आहे. सध्या तो थोर पुरुषांच्या कपाटाच्या डाव्या पायाखाली आहे.

येताना कृपया एक वीट आणावी.